भीती वाटते, धसका बसतो: ईएमडीआर उपचाराविषयी

भीती वाटते आणि धसका बसतो. आपल्या भाषेने हा फरक केव्हाच टिपून ठेवला आहे. समोर साप आला की भीती वाटते. साप निघून गेला की थोड्या वेळाने छातीची धडधड थांबते आणि संध्याकाळी आपण तोच प्रसंग रंगवून सांगतो. धसका मात्र ठाण मांडून बसतो. घटना संपून वर्षं लोटतात, आजूबाजूची माणसं विसरून जातात, आणि तो आत तसाच असतो, त्या क्षणाइतकाच ताजा. हा बसलेला धसका उठवणारे जे मोजके उपचार अभ्यासांच्या कसोटीला उतरले आहेत, त्यांतला एक म्हणजे ईएमडीआर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विचित्र वाटतो, कारण त्यात डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायचे असतात. "असल्याने काय होणार" म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. ज्यांना त्याचा खरोखर उपयोग होईल अशा माणसांनी तरी तिथे थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

समजावण्यासाठी एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती खरी कुणी नाही, पण तिच्यासारख्या पुष्कळ जणी आणि पुष्कळ जण आहेत. तीन वर्षांपूर्वी रात्री गाडी चालवताना समोरून ट्रक आला आणि धडकला. शेजारच्या सीटवर धाकटा भाऊ होता, त्याचा पाय मोडला. आता हाडं जुळली आहेत, टाके निघाले आहेत, भाऊ पळतो-खेळतो आहे. पण मागून एखाद्या ट्रकने हवेचा ब्रेक सोडला आणि तो 'फुस्स' आवाज कानावर आला, की हिची मान खांद्यात जाते आणि तळहात गार पडतात. दुसरं कुणी गाडी चालवत असलं तरी हिचा उजवा पाय समोरच्या फळीवर दाबलेला असतो. पोलिसांच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं आहे की ट्रक चुकीच्या बाजूने आला होता. ते वाक्य तिला पाठ आहे. तरीही रात्री दोन वाजता जाग आली की मनात एकच गोष्ट घुमते: चूक माझीच होती.

बुद्धीला सगळं ठाऊक आहे आणि शरीराला त्यातलं काहीच कळलेलं नाही, अशी ही अवस्था. म्हणूनच "आता झालं ना ते, विसर की" हा सल्ला तिच्या काहीच उपयोगाचा नाही.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला नाव दिलं ते १९८० साली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे पीटीएसडी, हा आजार म्हणून नोंदवला. घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, तिची आठवण करून देणाऱ्या जागा-माणसं-आवाज टाळणं, स्वतःविषयी आणि जगाविषयी मन काळवंडणं, सतत सावध आणि दचकलेलं राहणं, झोप उडणं, ही त्याची ठळक लक्षणं. अपघात, बलात्कार, मारहाण, युद्ध, भूकंप, लहानपणचा छळ, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, कशामुळेही हे होऊ शकतं. मात्र आघात झालेल्या प्रत्येकाला पीटीएसडी होत नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, आपल्या माणसांच्या आधाराने, आपसूक सावरतात. जे सावरत नाहीत ते मनाने कच्चे असतात म्हणून नव्हे. त्यांची ती आठवण वाटेत कुठेतरी अडकलेली असते.

अडकते म्हणजे काय? एरवीची आठवण काळाबरोबर मुरते. दहा वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं तर भांडण झालं एवढं आठवतं, फार तर थोडी कडवट चव येते. हात थरथरत नाहीत. कधी, कुठे, आधी काय, नंतर काय, अशा चौकटीत ती आठवण बसलेली असते. ही चौकट घडवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. धोक्याची घंटा वाजवण्याचं काम अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग करतो. प्राणावर बेतलेल्या क्षणी घंटा इतक्या जोरात वाजते की चौकट नीट बांधलीच जात नाही. मग आठवण सुट्या तुकड्यांत राहते: एक चित्र, एक आवाज, डिझेलचा वास, पोटात पडलेला खड्डा. त्या तुकड्यांवर तारखेचा शिक्का नसतो. म्हणून त्यातला एक तुकडा जरी हलला, तरी शरीराला वाटतं की ते आत्ता घडतंय. मेंदूचं काम याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण ईएमडीआर ज्या कल्पनेवर उभं आहे ती समजायला एवढं पुरे: आठवण पुसायची नाही, तिच्यावर राहून गेलेली प्रक्रिया पूर्ण होऊ द्यायची.

हा उपचार शोधला फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. १९८७ साली एका बागेतून चालताना त्यांच्या मनात काही त्रासदायक विचार घोळत होते. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की ते विचार अचानक बोथट झाले आहेत, आणि त्याच वेळी आपले डोळे आपोआप इकडून तिकडे भराभर फिरत होते. योगायोग म्हणून बाईंनी ते सोडून दिलं नाही. आधी ओळखीच्यांवर, मग रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिलं, आणि १९८९ मध्ये २२ जणांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या नावात फक्त डोळ्यांची हालचाल आणि तीव्रता कमी होणं एवढंच होतं. त्रास नुसता कमी होत नाही, माणूस त्या घटनेकडे वेगळ्याच नजरेने बघू लागतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी नावात पुनर्प्रक्रिया, म्हणजे 'रिप्रोसेसिंग', हा शब्द घातला. 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग' हे पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही. ईएमडीआर एवढंच सगळे म्हणतात. शापिरो २०१९ मध्ये वारल्या. तोवर बागेतल्या त्या निरीक्षणातून आठ टप्प्यांची, शिस्तीने शिकावी लागणारी पद्धत उभी राहिली होती.

खोलीत नेमकं काय होतं

पहिल्याच दिवशी डोळे फिरवायला लावत नाहीत. सुरुवातीची एक-दोन सत्रं, कधी त्याहून बरीच जास्त, माहिती घेण्यात आणि तयारीत जातात. आयुष्यात काय काय घडलं, आज त्रास कशाकशाने होतो, कोणत्या आठवणीपासून सुरू करायचं, हे ठरतं. तयारीचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि अर्धवट शिकलेले लोक नेमकी इथेच घाई करतात. मन सैरभैर झालं तर परत जमिनीवर कसं यायचं, हे आधी शिकवलं जातं. जिथे सुरक्षित वाटतं अशी एखादी खरी किंवा मनातली जागा निवडून तिथे जायचा सराव करतात. शिवाय थांबण्याची खूण ठरते: हात वर केला की थांबायचं, कोणताही प्रश्न नाही. ज्या माणसाचं त्या क्षणी कुणीच ऐकलं नव्हतं, त्याच्यासाठी ही साधी खूणच किती मोठी गोष्ट असते.

मग आठवण समोर घेतली जाते. आपल्या बाईला थेरपिस्ट विचारते, "त्या रात्रीचं सगळ्यात वाईट चित्र कोणतं?" काचेला पडलेलं तड्यांचं जाळं आणि त्यातून दिसणारा एकच पिवळा हेडलाइट. "ते चित्र बघताना स्वतःबद्दल कोणते शब्द मनात येतात?" चूक माझीच. "त्याऐवजी काय वाटावं असं तुम्हाला वाटतं?" बराच वेळ जातो. "मला जमण्यासारखं होतं ते मी केलं." हे वाक्य आत्ता, आतून, कितपत खरं वाटतं? एक ते सातच्या मोजपट्टीवर ती 'दोन' म्हणते. त्रास किती? शून्य ते दहामध्ये 'नऊ'. शरीरात कुठे जाणवतो? छातीत, आणि उजव्या पोटरीत.

आता थेरपिस्ट तिच्या समोर, थोडी बाजूला बसते, दोन बोटं उभी धरते आणि हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेऊ लागते. डोकं स्थिर ठेवून नुसत्या नजरेने बोटांचा पाठलाग करायचा. मनात ते चित्र, ते वाक्य, ती छातीतली कळ. साधारण अर्ध्या मिनिटाची ही एक फेरी. तिला 'सेट' म्हणतात. हात थांबतो. "मोठा श्वास घ्या. आता काय येतंय?" जे येईल ते थोडक्यात सांगायचं. चित्र येवो, विचार येवो, पोटात कालवाकालव होवो, किंवा काहीच न येवो. थेरपिस्ट त्यावर भाष्य करत नाही, समजूत घालत नाही, अर्थ लावत नाही. "बरं. त्यावरच राहा," एवढंच म्हणते आणि पुन्हा हात हलू लागतो.

पहिल्या काही सेटमध्ये त्रास वाढूही शकतो. आपली बाई रडते. मग भावाचं ओरडणं येतं. मग एकदम शाळेतला एक प्रसंग, जिथे भाऊ पडला होता आणि ओरडा हिला बसला होता. हिला वाटतं आपण भरकटलो. थेरपिस्ट म्हणते, "असू दे, त्यावर राहा." आणखी काही सेट. "पाय दुखतोय," ती म्हणते. "पोटरी ताठ झालीय." पुढचा सेट. मग ती खाली आपल्या पायाकडे बघते. "माझा पाय अजून ब्रेकवर आहे." पुढचा सेट. बराच वेळ शांतता. "मी ब्रेक दाबला होता. सगळा जोर लावून दाबला होता."

पोलिसांच्या नोंदीतलं जे वाक्य तीन वर्षं डोक्यात होतं, ते इथे कुठे शरीरापर्यंत पोचतं. हे तिला कुणी पटवून दिलेलं नाही. ईएमडीआर घेतलेल्या कुणाशी बोललात तर असं काहीतरी बहुतेक ऐकायला मिळतं: कळत तर आधीपासून होतं, पण आता वळलं.

त्रासाचा आकडा शून्याच्या किंवा एकाच्या आसपास उतरला की पुढच्या काही सेटमध्ये "मला जमण्यासारखं होतं ते मी केलं" हे वाक्य मूळ चित्राशी जोडून पक्कं करतात, ते सातच्या जवळ जाईपर्यंत. मग डोळे मिटून डोक्यापासून तळव्यापर्यंत शरीर चाचपून पाहायचं: कुठे ओढ, गाठ, जडपणा उरला आहे का? उरला असेल तर त्यावर आणखी सेट. शेवटी पुन्हा शांत करून, पाय जमिनीवर आणूनच माणसाला घरी सोडतात, मग आठवण पूर्ण झालेली असो वा नसो. सत्र साधारण ६० ते ९० मिनिटांचं असतं.

बोटांच्या मागे नजर फिरवणं हा एकच मार्ग नाही. काही ठिकाणी पट्टीवर सरकणारा दिवा असतो, काही ठिकाणी दोन्ही तळहातांत आळीपाळीने थरथरणारे छोटे गोटे, काही ठिकाणी हेडफोनमधून एकदा या कानात, एकदा त्या कानात आवाज. लहान मुलांच्या हातांवर आळीपाळीने टिचक्या देतात. १९९७ च्या पॉलीन चक्रीवादळाने मेक्सिकोतल्या अकापुल्कोची दाणादाण उडवली. तिथल्या वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी एक साधी रीत काढली. हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि फुलपाखराने पंख हलवावेत तसं एकदा या, एकदा त्या खांद्यापाशी थोपटायचं. एका खोलीत कितीतरी मुलं एकाच वेळी ते करू शकतात. पुढे मोठ्या आपत्तींनंतरच्या गट-उपचारांत ही 'बटरफ्लाय हग' जगभर गेली.

फायदा कशात आहे

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हा, की सगळं सांगावं लागत नाही. आघातावरचे काही उत्तम उपचार असे आहेत की त्यांत घडलेलं सविस्तर, पुन्हा पुन्हा, मोठ्याने सांगावं लागतं. ते चालतात, त्यात शंका नाही. पण लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला, ज्याला आपल्याच घरातल्या माणसाने छळलं अशा मुलाला, समोर सहकारी मेलेला पाहिलेल्या जवानाला ते शब्द तोंडातून काढणं हाच डोंगर असतो. पुष्कळ जण त्या डोंगराच्या पायथ्यावरूनच परत जातात. ईएमडीआरमध्ये थेरपिस्टला चित्राची तोंडओळख पुरते. "तेव्हाचंच काहीतरी आलं, पण सांगवत नाही," एवढं म्हणूनही पुढचा सेट करता येतो. काम त्या माणसाच्या मनात चाललेलं असतं. थेरपिस्टला त्यातला तपशील कळला नाही म्हणून ते अडत नाही. जिची लाज मुळात तिची नव्हतीच, तिला ती लाज पुन्हा पांघरायला न लावता बरं होता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलं आणि प्रौढ दोघांच्या पीटीएसडीसाठी ईएमडीआर सुचवलं, तेव्हाही हाच फरक नोंदवला होता. घटनेचं बारीक वर्णन नको, विचार चुकीचे कसे हा वाद नको, दीर्घ काळ भीतीला सामोरं जाणं नको, आणि घरी करायचा गृहपाठ नको. गृहपाठाचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. पण जिला रात्रभर झोप नाही आणि दिवसभर कामं आहेत, तिला रोज वही उघडून भीतीची नोंद करायला सांगणं सोपं नसतं.

दुसरी गोष्ट काळाची. एकाच घटनेचा आघात असेल तर थोड्या सत्रांत बराच फरक पडतो. कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांत साधारण ८ ते १२ सत्रांचा उल्लेख आहे, अनेक आघात असतील तर गरजेनुसार जास्त. वर्षानुवर्षं चालणाऱ्या समुपदेशनाच्या तुलनेत हा काळ लहान आहे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची, आणि इथे एक अभ्यास सांगायलाच हवा. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. पीटीएसडी असलेल्या ८८ जणांचे तीन गट केले: एकाला आठ आठवडे ईएमडीआर, दुसऱ्याला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा ज्यांना मोठेपणी आघात झाला होता अशा ईएमडीआर घेतलेल्या लोकांपैकी ७५ टक्के लक्षणमुक्त होते. औषधाच्या गटात असं एकही माणूस नव्हतं. मात्र ज्यांचा आघात लहानपणीचा होता, त्यांच्यात ईएमडीआरनंतरही हे प्रमाण सुमारे ३३ टक्केच होतं. हा आकडा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लहान वयात, आपल्याच माणसाकडून, वर्षानुवर्षं झालेली जखम आठ आठवड्यांत भरत नाही. तिला जास्त तयारी, जास्त वेळ आणि थेरपिस्टशी जास्त विश्वासाचं नातं लागतं. या अभ्यासावरून कुणी चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, हेही इथेच सांगते. कित्येकांना औषधाने झोप लागते, थोडं स्थिर वाटतं, आणि मगच हा उपचार झेपतो.

शिवाय धसक्याबरोबर चिकटलेली ती वाक्यं सुटतात, 'मी घाण आहे', 'चूक माझी', 'मी कुठेच सुरक्षित नाही'. धडधड कमी झाली आणि अपराधीपणा तसाच राहिला, तर माणूस बरा झाला असं म्हणवत नाही. ईएमडीआर दोन्हींवर एकदम काम करतं, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

डोळ्यांचं कोडं

आता तो विचित्र भाग. डोळे फिरवल्याने मुळात काही होतं का? या प्रश्नावर तज्ज्ञांत जोरदार वाद झाला आहे आणि तो रास्त होता. काहींचं म्हणणं असं, की आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं एवढंच इथे गुणकारी आहे, डोळ्यांची हालचाल ही नुसती सजावट. २००१ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात डोळ्यांच्या हालचालीचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये क्रिस्तोफर ली आणि पिम कायपर्स यांनी पुन्हा आढावा घेतला, त्यात तो दिसला. आज उपचार गुणकारी आहे याबद्दल फारसं दुमत नाही. तो कसा चालतो, यावर अजून काम सुरू आहे.

सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण कार्यस्मृतीचं, म्हणजे आत्ता या क्षणी मनात धरलेल्या गोष्टींच्या स्मृतीचं आहे. मनातल्या मनात एकोणतिसाचा पाढा म्हणत असताना कुणी तुमच्याशी बोलायला लागलं तर काय होतं? पाढा अडखळतो. कारण मनाचा 'आत्ता'चा पाट छोटा असतो, त्यावर दोन गोष्टी धड मावत नाहीत. भयंकर चित्र मनात धरायचं आणि त्याच वेळी हलणाऱ्या बोटांचा पाठलाग करायचा, तर चित्राच्या वाट्याला जागा कमी येते. ते फिकं पडतं, लांब जातं, त्याची धार कमी होते. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि इरिस एंगेलहार्ड यांनी प्रयोगशाळेत हे वारंवार तपासलं आहे. आठवण मनात धरून डोळे फिरवले तर तिचा ठसठशीतपणा आणि त्रास दोन्ही कमी होतात. आणि आठवलेली गोष्ट मेंदू परत साठवतो तेव्हा ती थोडी बदललेल्या रूपात साठवली जाऊ शकते, हे आता मान्य झालं आहे. म्हणजे फिकं झालेलं चित्रच पुन्हा कपाटात जातं.

झोपेत स्वप्नं पडताना डोळे भराभर हलतात त्याच्याशी याचा संबंध असावा, असंही एक मत आहे. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात आला. घाबरवलेल्या उंदरांना आळीपाळीने दोन बाजूंनी प्रकाश दाखवला तर त्यांची भीती लवकर ओसरली आणि सहज परतली नाही; त्यामागचा मेंदूतला मार्गही त्यांनी दाखवला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण डोळ्यांची गोष्ट निव्वळ सजावट नसावी, याकडे हे बोट दाखवतं.

कुठे जपायचं

ईएमडीआर म्हणजे संमोहन नाही. माणूस पूर्ण जागा असतो, कधीही थांबवू शकतो. आठवण जात नाही. अपघात झाला होता हे आपल्या बाईला नेहमीच आठवणार आहे. आणि विसरलेल्या घटना खणून काढण्याचं हे साधन नव्हे. मनात आलेलं प्रत्येक चित्र जसंच्या तसं घडलेलं असतं असं नाही, स्मृती आपली आपण रचली जाते. चांगली थेरपिस्ट काय घडलं असावं हे कधी सुचवत नाही, ते ठरवतही नाही. जी सुचवते तिच्यापासून दूर राहावं.

सत्रानंतरचे दोन-तीन दिवस कधी कधी जड जातात. तीव्र स्वप्नं पडतात, नवे तुकडे आठवतात, थकवा येतो. हे अपेक्षित असतं, म्हणून त्या दिवशी मोठी कामं ठेवू नयेत. घरच्यांनीही दारातच "आज काय काय बोललात?" म्हणून विचारू नये. शेजारी गप्प बसून राहणं त्या संध्याकाळी जास्त उपयोगी पडतं.

ज्यांचा छळ आत्ता चालू आहे, त्यांना आधी सुरक्षित जागी पोचवणं महत्त्वाचं; धोका खरा असताना धोक्याची घंटा बंद करता येत नाही. ताणाच्या क्षणी ज्यांचं भान हरपतं, आपण कुठे आहोत तेच सुटतं, त्यांना तयारीचे टप्पे बरेच लांबवावे लागतात. झटके येत असतील, डोळ्यांचा विकार असेल, गर्भारपण असेल, व्यसन असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, तर ते सगळं पहिल्याच भेटीत सांगावं. सर्व तज्ज्ञ संस्था सगळ्या बाबतींत एकमताच्या आहेत असंही नाही. 'नाइस'ने युद्धाशी संबंधित आघात आपल्या शिफारशीतून वगळले, तर अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत ईएमडीआर सुचवलेलं आहे. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचारपद्धतीही तितकीच सिद्ध झालेली आहे. बोलून बरं वाटणाऱ्या माणसाला ती अधिक जवळची वाटेल, आणि ते ठीकच आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. इंटरनेटवर हलणाऱ्या ठिपक्याचे व्हिडिओ मिळतात; त्यांच्यासमोर बसून एकट्याने जुनी भयानक आठवण उघडू नका. ठिपका हलवणं हा या उपचाराचा सगळ्यात सोपा भाग आहे. आठवण उघडल्यावर ती नीट बंद करून देणारं माणूस समोर असणं, हा अवघड भाग आहे. थेरपिस्ट निवडताना निःसंकोच विचारा: ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण कुठे घेतलं, त्यानंतर कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, सुरू करण्याआधी तयारीला किती वेळ देता, मध्येच मी कोलमडले तर काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे आणि तपशिलात आलं, तर ते चांगलं लक्षण समजा.

पुढच्या सत्राची सुरुवात नेहमी मागे वळून पाहण्याने होते. तोच आठवा टप्पा. थेरपिस्ट विचारते, "ती काच आणि तो हेडलाइट आणा डोळ्यांसमोर. आज किती?" मागच्या वेळी एकावर आला होता. आपली बाई जरा थांबते, खरं सांगायचं ठरवते. "तीन. काच आता लांब आहे. पण त्याचं ओरडणं राहिलंय." आठवड्यात गाडीत बसला होतात का? "दोनदा. दुसऱ्यांदा उतरताना लक्षात आलं की पाय सैल होता." थेरपिस्ट लिहून घेते, खुर्ची थोडी पुढे सरकवते. "मग आज त्या ओरडण्यापासून सुरू करूया," असं म्हणून दोन बोटं उभी धरते.